कलम १४, नेवऱ्या आणि शेजारची बेकरी

२०२३ चा जून, पाऊस नुकताच सुरू झालेला, सकाळी सातला शटर उघडायला गेले तर माझ्यापासून तिसऱ्या गाळ्यावर दोन माणसं शिडी लावून बोर्ड चढवत होती. वर मोठ्या अक्षरात केक, पाव, पॅटीस आणि खाली बारीक अक्षरात 'चवथीचे गोड पदार्थ ऑर्डरप्रमाणे'. मी छत्री तशीच हातात धरून पाच मिनिटं तिथे उभी राहिले. माझं पोळीभाजीचं आणि फराळाचं दुकान, म्हापशात, बाजारापासून चालत सात-आठ मिनिटं, आणि वर्षभराची खरी कमाई चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच्या वीस दिवसांत होते. बाकीचे महिने पोळ्या-भाकऱ्यांवर दुकान चालतं, म्हणजे भाडं निघतं, तीन बायकांचे पगार निघतात, पण शिल्लक म्हणावी ती नेवऱ्या (आमच्या गोव्याकडच्या करंज्या), मोदक आणि लाडवांचीच.

हा गाळा मी नोव्हेंबर २०२१ मध्ये घेतला, २२ चौरस मीटर, भाडं सोळा हजार, डिपॉझिट ऐंशी हजार. कॉम्प्लेक्समध्ये एकूण चौदा गाळे, त्यातले सहा माझ्या मालकांचे, बाकीचे वेगवेगळ्या लोकांनी बिल्डरकडून विकत घेतलेले. हे आकडे तेव्हा मला माहीतसुद्धा नव्हते, कारण सगळे 'मालकांचं कॉम्प्लेक्स' असंच म्हणायचे. गाळा बघायला गेले तेव्हा मी एकच गोष्ट मागितली होती. म्हटलं बाब, मी इथे एक्झॉस्ट बसवणार, कडाप्पा घालणार, गॅसची लाईन फिरवून घेणार, दोन-अडीच लाख घालणार, तर माझ्यासारखंच दुसरं दुकान तुम्ही इथे आणू नका. ते लगेच हो म्हणाले, आणि शब्दावर न ठेवता कागदात घातलं म्हणून मला किती बरं वाटलं होतं. कलम १४. त्यात एवढंच होतं की मालक या कॉम्प्लेक्समधल्या आपल्या दुसऱ्या गाळ्यात 'अशाच प्रकारचा धंदा' करणाऱ्याला जागा देणार नाहीत.

'अशाच प्रकारचा धंदा' या तीन शब्दांनी माझे पुढचे सात महिने खाल्ले.

बोर्ड लागला त्याच दिवशी मालकांना फोन केला. ते म्हणाले अगं ती बेकरी, तुझं पोळीचं दुकान, कुठे काय सारखं आहे. मी म्हटलं खालची ओळ वाचा. तर म्हणाले ते ऑर्डरचं, दुकानात ठेवणार नाहीत. वर हेही बोलून गेले की मोपाचा विमानतळ जानेवारीत सुरू झालाय, सगळीकडे भाडी चढतायत, मी तुला अजून जुन्या भाड्यात ठेवलंय. त्यात धमकी नव्हती, पण मला समजायचं ते समजलं.

मग मी बेकरीवाल्यांकडे गेले. मनात राग होता, खरं सांगते, पण आत एक तरुण नवरा-बायको, ओव्हन अजून खोक्यातून निघायचा होता, बायको फरशी पुसत होती. मी कोण ते सांगितलं, कागदात काय आहे ते सांगितलं. तिचा चेहराच उतरला. म्हणाली, "बाय, आमकां कोणेंच कांय सांगूंक ना." त्यांनी तीन वर्षांचं लीज रजिस्टर करून घेतलं होतं, ओव्हनसाठी बँकेचं कर्ज होतं, आणि मालकांनी त्यांनाही शब्द दिला होता की इथे दुसरं कुणी बेकरीचा माल विकणार नाही. आणि मी तर काउंटरवर खारी आणि पॅटीस ठेवत होते, बाहेरून आणून! म्हणजे त्यांच्या बाजूने बघितलं तर मीच त्यांच्या कराराच्या आड येत होते. घरी आले तेव्हा राग कमी झाला होता पण काळजी दुप्पट झाली होती.

वकील गाठायला मला ऑगस्ट उजाडला, आणि ही माझी चूक. कारण माझा कागद ११ महिन्यांचा होता. पहिला नोव्हेंबर २१ पासून, दुसरा ऑक्टोबर २२ पासून, तो ऑगस्ट २३ च्या शेवटी संपणार होता. वकीलबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला, तारीख काय. मग म्हणाल्या लायसन्स, म्हणजे हा ११ महिन्यांचा कागद, संपला की कलम १४ पण त्याच्याबरोबर संपतं, मालक नवीन कागदात ते घालतील का? मी म्हटलं घालतीलच, दोनदा घातलंय. चार दिवसांनी मालकांकडून रिन्यूअलचा ड्राफ्ट आला तर १३ नंतर सरळ १४ म्हणून पाणीपट्टीचं कलम. आमचं कलम गायब, आकडे सलग, म्हणजे वरवर वाचलं तर कळणारच नाही. मागच्या वर्षी मी वरवरच वाचून सही केली होती.

हे ११ महिन्यांचं प्रकरण काय आहे ते इथे सांगते कारण मला ते चाळिशीत कळलं. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचं लीज असेल तर १९०८ च्या रजिस्ट्रेशन कायद्याप्रमाणे ते रजिस्टर करावंच लागतं, म्हणून सगळे ११ महिने घालतात, नोटरीकडे शिक्का मारला की झालं. माझा भाऊ कुडाळला असतो, तो म्हणायचा रजिस्टर कर, रजिस्टर कर, आणि मला वाटायचं हा उगाच घाबरवतोय. पण तिकडे महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ आहे, ११ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स असलं तरी रजिस्टर करावं लागतं. तो कायदा गोव्याला लागू नाही, आपल्याकडे १९६८ चा वेगळा भाडे कायदा आहे. त्यामुळे माझा नोटरीचा कागद खोटा नव्हता, त्या ११ महिन्यांपुरता तो चालत होता. पण दोन-अडीच लाख घालून बसलेल्या माणसाला ११ महिन्यांचं संरक्षण म्हणजे काय संरक्षण, हा विचार मी गाळा घेताना करायला हवा होता.

वकीलबाईंनी मला ड्राफ्टवर सही करायला मना केलं. भाडं दर महिन्याला बँकेतून, तारखेच्या आत, जुन्याच रकमेने पाठवत राहायचं, रोख अजिबात द्यायचं नाही. आणि नोटीस पाठवली. पंधरा दिवसांनी मालकांच्या वकिलाचं उत्तर आलं, तीन पानी. बेकरी हा 'अशाच प्रकारचा धंदा' नाही, तुमचं लायसन्स संपलेलं आहे, आणि मुळात असलं कलमच बेकायदेशीर आहे कारण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे कुणाच्या धंद्यावर बंदी घालणारा करार रद्द असतो. हे शेवटचं वाचून माझे हातपाय गळाले. रात्री दोन वाजेपर्यंत जागी होते.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी समजावलं ते मला पटलं. कलम २७ आहे, खरं आहे, आणि कडक आहे. पण मालकांना कुणी धंदा करू नका असं म्हटलेलंच नाही, त्यांनी स्वतःच्या जागेचा वापर कसा करायचा यावर करार चालू असेपर्यंत स्वतःहून मर्यादा घालून घेतली आहे. करार चालू असतानाच्या अशा बंधनांना कोर्टं साधारणपणे कलम २७ लावत नाहीत. त्यांनी सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला निकालाचं नाव घेतलं, तो बाटल्या भरणाऱ्या कंपनीच्या कराराचा होता, गाळ्याचा नव्हे, पण तत्त्व तेच. आणि १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम ४२ खाली 'हे करणार नाही' असं कबूल केलेल्या माणसाला कोर्ट मनाई हुकूम देऊ शकतं. मग मी म्हटलं घ्या ना स्टे! त्या म्हणाल्या घेते, पण न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतील 'अशाच प्रकारचा' म्हणजे काय, आणि त्याचं उत्तर कागदात नाही. स्टे नाकारला गेला तर मालक तुझ्याशी बोलायलाच येणार नाहीत, आणि तुझी मुदत तर संपलीये. त्या गोड बोलल्या नाहीत याबद्दल मी आजही त्यांचे आभार मानते.

चवथ १९ सप्टेंबरला होती. २०२२ ला मी साधारण नऊ हजार नेवऱ्या दिल्या होत्या, २०२३ ला साडेपाच हजार. सगळा फरक बेकरीमुळे असं मी म्हणणार नाही, पण माझी चार जुनी गिऱ्हाइकं तिथून नेवऱ्यांचे डबे घेऊन माझ्या दुकानासमोरून गेली. त्यांनी मान खाली घातली आणि मी पण. त्या आठवड्यात माझ्याकडच्या एका बाईला मी जादा कामावर बोलावणार होते, तिला नाही सांगावं लागलं, तिच्या घरी गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान त्या पैशातून यायचं होतं. ते मला अजून लागतं.

स्टेचा विचार सोडला, पण पुढची पायरी मला अजिबात माहीत नव्हती. फक्त धंद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जागेच्या करारावरून वाद असेल आणि दाव्याची किंमत तीन लाखांच्या वर असेल, तर तो २०१५ च्या कमर्शियल कोर्ट्स कायद्याखाली येतो, आणि तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर कोर्टात जाण्याआधी मध्यस्थी करावीच लागते, कलम १२ए. ती सक्तीचीच आहे असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय. माझा फिटिंगचा खर्च, बुडालेला सीझन, पुढचं नुकसान धरून रक्कम तीन लाखांच्या वर जात होती. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, फी एक हजार रुपये, मध्यस्थाची फी दोन्ही बाजूंनी निम्मी निम्मी. तीन महिन्यांत आटपायचं, दोघं तयार असतील तर अजून दोन महिने. आणि तडजोड झाली तर त्या कागदाला लवादाच्या निवाड्याइतकी किंमत, नुसता समझोता नव्हे.

मालक येतीलच याची खात्री नव्हती. न आले तर तसा रिपोर्ट मिळतो आणि मग दावा लावता येतो. पण ते आले. पहिल्या तारखेला मी कदंबाची शटल धरून पणजीला गेले तर मालक त्याच बसमध्ये पुढच्या सीटवर, गाडी सर्व्हिसिंगला दिली होती म्हणे. अर्धा तास आम्ही एकमेकांच्या डोक्याकडे बघत बसलो. उतरताना ते म्हणाले, "चल गो, उशीर जाता." त्या एका वाक्याने मला जरा धीर आला.

बेकरीवाल्यांचा माझ्याशी कसलाच करार नव्हता, त्यामुळे त्यांना कुणी ओढून आणू शकत नव्हतं. मी स्वतः जाऊन विनंती केली आणि दुसऱ्या तारखेपासून ती दोघं आपणहून आली. तिथून खरं काम सुरू झालं. मध्यस्थांनी आम्हाला दोघींना कोरे कागद दिले आणि म्हणाले तुम्ही स्वतः करून काय काय विकता ते लिहा, 'धंदा' हा शब्द वापरू नका. मी लिहिलं, चपाती, भाकरी, पुरणपोळी, उकडीचे मोदक, पातोळ्या, लाडू, चकली, चिवडा, नेवऱ्या. तिने लिहिलं, पाव, पोय, केक, पॅटीस, खारी, बिस्किटं, दोदोल, बेबिंका, नेवऱ्या. दोन्ही याद्यांत एकच शब्द सारखा. बाकी सगळ्यावर भांडण नव्हतंच! चार महिने आम्ही ज्याला धंद्याची टक्कर म्हणत होतो ती एका पदार्थावर होती.

पण त्या पदार्थावर कुणी मागे हटेना. मी म्हटलं नेवरी म्हणजे चवथ, माझ्या सासूबाई चवथीला शंभर नेवऱ्या एकट्या करायच्या. ती शांतपणे म्हणाली, आमच्याकडे नाताळला कोन्सोआदाच्या ताटात नेवरी नसली तर शेजारी विचारतात काय झालं. हे मला माहीत होतं, माझ्या खोर्लीच्या जुन्या शेजारणीकडून दर नाताळला ताट यायचं, दोस, बेबिंका आणि नेवऱ्या, आणि मी ते आवडीने खाल्लेलं आहे. त्या खोलीत बसून मी नेवरी माझी एकटीची म्हणत होते आणि मला माझीच लाज वाटली. मध्यस्थांनी त्या दिवशी पुढे काही न बोलता तारीख दिली, ते फार शहाणपणाचं होतं.

पुढच्या तारखेला तोडगा तिनेच काढला. १५ डिसेंबर ते ६ जानेवारी नेवऱ्या तिच्या, बाकी वर्षभर माझ्या. तिच्या तेवढ्या दिवसांत मी दुकानात ठेवणार नाही, कुणी मागितल्या तर तिच्याकडे पाठवणार, आणि चवथीला तिने तसंच करायचं. मी खारी आणि पॅटीस बंद करायचे, त्यात महिन्याला चारेक हजार सुटायचे, ते गेले. तिने बोर्डवरची खालची ओळ काढायची. पाकिटातली बिस्किटं, थंड पेयं, पाण्याच्या बाटल्या दोघींनीही विकायला हरकत नाही. हे पण लिहून घेतलं, कारण वकीलबाई म्हणाल्या उद्या कुणीतरी वेफर्सच्या पाकिटावरून नोटीस पाठवेल.

मालकांशी मात्र शेवटपर्यंत ओढाताण झाली. मला तीन वर्षांचं रजिस्टर्ड लीज पाहिजे होतं, त्यांना भीती की एकदा भाडेकरू म्हणून बसली की उठणार नाही. ही भीती गोव्यातल्या प्रत्येक घरमालकाला आहे आणि ती अगदीच निराधार आहे असं मी म्हणत नाही, पिढ्यान्‌पिढ्या चाललेली भाड्याची भांडणं आपण सगळ्यांनी बघितलीत. शेवटी भाडं साडेअठरा हजारावर नेलं, दर वर्षी पाच टक्के वाढ, आणि त्याच्या बदल्यात तीन वर्षं. कलम १४ परत आलं, या वेळी पाऊण पान, पदार्थांच्या यादीसकट. माझ्याकडून यादी मोडली गेली तर मी ऐकायचं, आणि मालकांच्या कुठल्या गाळ्यात मोडली गेली तर मी लेखी कळवायचं, पंधरा दिवसांत बंद नाही झालं तर बंद होईपर्यंत मी निम्मं भाडं देणार. माझ्या मते या सगळ्या कागदातली सगळ्यात कामाची ओळ ही आहे. नुकसान किती झालं हे कोर्टात सिद्ध करत बसणं माझ्यासारखीला जमलं नसतं, नेवऱ्यांचा हिशोब मी वहीत ठेवते, तो कोण मानणार? निम्मं भाडं म्हटल्यावर मालकच स्वतः जाऊन बघून येतात.

एक गोष्ट मिळाली ती अर्धवट मिळाली. मालकांनी त्यांचा एखादा गाळा विकला तर? नवीन मालकाला आमची अट सांगून, खरेदीखतात ती घालूनच विकायचं असं लिहून घेतलंय. ते कोर्टात कितपत टिकेल यावर वकीलबाई ठाम बोलल्या नाहीत, निदान विकत घेणाऱ्याला आधी माहीत होतं हे तरी दाखवता येईल असं म्हणाल्या. आणि उरलेले आठ गाळे, ते दुसऱ्यांचे, त्यांच्यावर माझा काहीच हक्क नाही. मी सोसायटीच्या चेअरमनना पण जाऊन विचारलं, ते म्हणाले आम्ही जिना, पाणी आणि लाईट बघतो, कुणी काय विकावं हे आमच्या हातात नाही. बरोबरच आहे त्यांचं.

लीज जानेवारी २०२४ मध्ये सब-रजिस्ट्रारकडे रजिस्टर झालं. फोटो, अंगठा, दोन साक्षीदार, त्यातला एक बेकरीवाला. २०२४ ची चवथ ७ सप्टेंबरला होती, नेवऱ्या आठ हजारांच्या पुढे गेल्या, जादा कामाला मागच्या वर्षी जिला नाही म्हटलं होतं तिलाच पहिली बोलावली. त्यातल्या सहाशे नेवऱ्यांची गिऱ्हाइकं बेकरीतून आलेली, तिने चिठ्ठीवर माझा नंबर लिहून दिलेला. डिसेंबरात मीही पाठवली. मोजली नाहीत, पण पुष्कळ होती.

आता गेल्या महिन्यात पहिल्या मजल्यावरचा एक गाळा रिकामा झालाय, तो आमच्या मालकांचा नाही. तिथे फरसाणवाला येणार असं ऐकलं म्हणून मी त्या गाळ्याच्या मालकांना भेटून आले. माझं लीज दाखवलं, हे तुमच्यावर लागू नाही हेही सांगितलं, फक्त म्हटलं चकली-चिवडा सोडून दुसऱ्या कुणाला देता येतो का बघा, मी आणि बेकरीवाली मिळून गिऱ्हाईक शोधून देतो. बघतो म्हणालेत. आम्ही एक शिवणकामवाली सुचवलीये, तिला जागा पाहिजेच होती.

माझं लीज जानेवारी २०२७ ला संपतंय. रिन्यू करायचं असेल तर सहा महिने आधी लेखी कळवायचंय. नवीन वर्षाचं कालनिर्णय आणलं त्याच दिवशी जुलैच्या पानावर लाल पेनाने गोल करून ठेवलाय, आणि त्याच्याखाली लिहिलंय, कलम १४ आहे का बघ.